पंखा बंद, शिंक बंद

इतर ऑफिसांत किस्से जमतात ते पार्ट्यांचे, नाहीतर बॉसच्या फजितीचे. आमच्या अंबरनाथच्या लॅबमध्ये जमलेत ते सगळे घाबरण्याचे! काम म्हणाल तर समुद्राखालच्या खडकाची पूड धुवायची आणि तिच्यातून फोरॅमिनिफेरा नावाच्या जीवांची कवचं वेचायची. आमच्या खडकातले जीव कधीच नामशेष झालेले, कवच रव्याच्या कणाएवढं. कुठलं कवच कुठल्या जीनसचं, म्हणजे प्रजातीचं, ते आमचे केतकर सर मायक्रोस्कोपखाली ठरवतात.

* * *

पहिल्या दिवशी मी आल्या आल्या पंखा लावला. मे महिना होता हो! सर किंचाळले, "अगं बंद कर! कोट्यवधी वर्षं टिकलंय ते, तुझ्या पंख्याने उडेल!" अजून घरीसुद्धा बटणाला हात लावताना मी दचकते.

* * *

कवच उचलायला सगळ्यात बारीक ब्रश लागतो. तो आणायला मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले. दुकानदार सिंधी काका ब्रश उजेडात धरून म्हणाले, "बेटी, इसमें तो चार बाल हैं! दीवार कब पूरी होगी?"

त्या चार केसांना टोक यावं म्हणून आम्ही ब्रश जिभेवर फिरवतो. सर ओरडतात, "जीभ नाही, पाणी!" आणि ओरडून झालं की स्वतःचा ब्रश ओठांत धरतात.

* * *

शेजारच्या टेबलावरची सविता बदलापूर गावातून येते. एकदा ती शिंकली आणि आठवडाभर वेचलेला ट्रे साफ! आम्ही गुडघ्यांवर बसून, मोबाइलचा टॉर्च लावून फरशी धुंडाळली. सर शांतपणे म्हणाले, "सविता, पुन्हा शिंकलीस तर दुसरी नोकरी बघ." ओरडले असते तर परवडलं असतं. घरात कमावणारी ती एकटीच.

आता घरीही शिंक आली की ती अंगणात धावते. सासू विचारते, "अगो, शिंकायला भायेर कशाला पलतंस?"

* * *

आणि मग ते कवच सापडलं. माहीत असलेल्या कुठल्याच जीनसमध्ये न बसणारं. म्हणजे नवीन जीनस, आणि नमुना जगात एकच! सर स्लाइड कुलपात ठेवत, किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात.

मागच्या आठवड्यात फोटोसाठी ते उलटं करायचं होतं. आम्ही श्वास रोखून उभ्या, सवितानं तर ओढणीने नाकच बांधलेलं. सरांनी ब्रशच्या टोकावर कवच उचललं, तेवढ्यात फोन वाजला. "हो हो, फोटो आजच पाठवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मायक्रोस्कोपवर वाकले. स्लाइड रिकामी! ब्रशही रिकामा!

"कोण शिंकलं?"

सविता रडायलाच लागली. "मी नाही सर, आईशप्पथ!"

फोनवर बोलताना सरांनी काय केलं, ते मी पाहिलं होतं. पण सांगायची छाती होईना. सर मटकन खुर्चीत बसले, चेहरा पांढराफटक. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, तोंडाशी नेली, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले,

"सर, गिळू नका!"