शेवंताबाईंचा वारा

धुळ्याच्या विमानतळावर १९८७ साली महिन्याकाठी फार तर दोन विमानं यायची. उरलेले दिवस धावपट्टी शेळ्यांची. त्या शेळ्या हाकायला बांधकाम खात्यानं रोजंदारीवर शेवंताबाई ठेवल्या होत्या. पण मुंबईहून विमान निघण्याआधी चौकीतला फोन वाजे आणि पट्टीची, हवेची खबर त्याच देत. झाडाखाली डबा खाता खाता एका वैमानिकानं त्यांना शिकवलं होतं: खांबावरची कापडी पिशवी बघायची. लोंबली तर वारा नाही, आडवी ताठ झाली तर जोराचा. विमानानं नेहमी वाऱ्याला सामोरं उतरायचं. वारा पाठीवर घेतला की थांबता थांबत नाही, पट्टी संपते.

मे महिन्यात एक बडे पाहुणे यायचे ठरले. सरकारी साहेबांनी पट्टीच्या पूर्व टोकाला मांडव घातला, कारण सावली तिथं होती. त्या दिवशी पिशवी पश्चिमेच्या वाऱ्यानं काठीसारखी ताठ. म्हणजे विमान पूर्वेकडून उतरणार, धावत धावत पार पश्चिम टोकाला जाऊन थांबणार. मांडवापासून सव्वा किलोमीटर.

साहेबांनी हवेवरच उपाय काढला. फोन आला की वारा शांत आहे म्हणून सांगा, म्हणाले, आणि ती पिशवी बांधून टाका; मग विमान मुंबईच्या बाजूनं सरळ उतरून मांडवापाशीच थांबेल. शेवंताबाईंना कायम करण्याचा कागद याच साहेबांच्या टेबलावर पाच वर्षं सहीची वाट बघत होता. त्याची आठवणही त्यांनी गोड आवाजात करून दिली.

"पिशवी बांधी दिसू साहेब," शेवंताबाई म्हणाल्या, "पन वाराले कसा बांधू?"

तेवढ्यात फोन वाजला. साहेब हातभर अंतरावर उभे. शेवंताबाईंनी पदर खोचला आणि विमानवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत सांगितलं, "वारा पश्चिमेचा, जोरात. धूळ आहे, चार किलोमीटरपर्यंत दिसतंय. पट्टीवर जनावर नाही. पश्चिमेकडे तोंड करून उतरा."

विमान तसंच उतरलं. मग हार, बँड, आरतीची ताटं आणि साहेब असा सगळा लवाजमा वाऱ्याविरुद्ध धावत सुटला. अर्ध्या वाटेत फेटे गेले, पाऊण वाटेत ढोलवाला बसला. पाहुणे पंखाच्या सावलीत घाम पुसत उभे होते.

चौथ्या दिवशी शेवंताबाईंना नोटीस आली: वाऱ्याबाबत लेखी खुलासा करावा. कचेरीतले मोतीलालभाऊ म्हणजे भला माणूस. कायमचा कागद अजून टेबलावरच आहे अक्का, म्हणाले, खाली 'दिलगीर आहे' एवढं लिहा, मी साहेबांना समजावतो.

शेवंताबाईंनी त्यांच्याच हातातलं पेन घेतलं आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गिरवलेल्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "वारा पश्चिमेचा होता. पुढेही जो असेल तोच सांगेन."

मोतीलालभाऊंनी कपाळाला हात लावला. बाईंना वाटलं, खुलासा कमी पडला. म्हणून त्यांनी आणखी एक ओळ घातली:

"मांडव घालण्याआधी साहेबांनी मला विचारावं. मी रोज इथंच असते."