दह्याच्या डब्यातला जबडा

१४ ऑक्टोबर. पाच महिने ब्लॉगवर एक ओळ नाही, माफ करा. 'कामात होते' असं लिहिणार होते, पण निम्मा आळसच होता.

मी जुन्या हाडांवरून माणसं कशी जगली ते शोधते. माझी माणसं अँडीज पर्वतातली, हजारेक वर्षांपूर्वीची. इथे रिचमंडला आमच्या प्रयोगशाळेत एका बाईचा खालचा जबडा आहे. तिची कवटी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या संग्रहालयात असावी, असा माझा अंदाज होता. ती कवटी पुढच्या आठवड्यात पेरूला परत जाणार होती. जबडा जुळला तर दोन्ही एकत्र जातील, नाहीतर ती अर्धीच घरी पोचेल. मला वेळ मिळाली होती सोमवारी दहा ते एक.

जबड्याची प्लास्टरची प्रतिकृती फडक्यात गुंडाळून मी भारतीय किराणा दुकानातल्या दह्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली. हे शोभतं का, असं मन खात होतं. पण तो डबा किती टिकतो ते आपल्या घरांना सांगायला नको.

रविवारी मुक्काम अ‍ॅशबर्नला, नलूकाकूंकडे. काका निवृत्त डेंटिस्ट, मूळ नागपूरचे. सकाळी काकूंनी वाटेसाठी तसल्याच एका डब्यात लाडू भरून ठेवले होते. मी ओट्यावरचा डबा उचलला आणि निघाले. उत्तरेला जाणार असाल तर पंधरा नंबरचा रस्ता घ्या. टोल नाही, आणि गेटिसबर्गच्या पुढे सफरचंदांचे स्टॉल लागतात.

संग्रहालयात हातमोजे चढवून, गंभीर चेहऱ्याने डबा उघडला. बेसनाचे लाडू.

तिथल्या बाई वाकून म्हणाल्या, "हे कोणत्या काळातले?"

"काल संध्याकाळचे."

बाहेर येऊन फोन लावला. "काकू, माझा डबा?"

"अगं, फ्रिजमध्ये ठेवलाय. जड लागला, म्हटलं श्रीखंड असेल, आंबायला नको."

"त्यात जबडा आहे, काकू."

मग हाक ऐकू आली, "अहो, गाडी काढा! पोरीचा जबडा राहिला!"

काका बारा वाजून वीस मिनिटांनी पोचले. डब्याला सीटबेल्ट लावला होता. प्रतिकृती अजून गार होती. मी ती हळूच कवटीखाली धरली, आणि दातांवर दात बसले.

काकांनी हात मागे बांधून, चष्मा वर करून पाहिलं. "डावीकडूनच चावायची ही. उजवीकडे दुखत असणार. पण दाखवायला जायचं नाही! सगळे पेशंट सारखेच."

माझ्या तीन पानांच्या टिपणात हेच होतं, फक्त इतकं स्पष्ट नव्हतं.

बाईंनी कवटीची रवानगी थांबवली. आता दोन्ही बरोबर जातील. मग हातमोजे काढून, ऑफिसात बसून त्यांनी दोन लाडू खाल्ले.

आज घरी परतले. तिला दह्याच्या डब्यातून नेल्याची लाज अजून वाटते. अहवालात काकांचे आभार कसे लिहावेत, तेही सुचत नाही.

उद्या: काकूंचा डबा चिवडा भरून पाठवायचा, वर लेबल लावून.