गुळवेलीला आवतण

झरी गावात तापाची साथ आली, अन् निजाम सरकारचा दवाखाना पडला दूर परभणीला. म्हणून जो तो गोजरबाईंच्या अंगणातली गुळवेल मागायचा. रिवाज असा, की आदल्या सांजेला वेलीला हळदकुंकू वाहून आवतण द्यायचं आणि सकाळी तोडायची. तरच गुण येतो. पण सून वच्छला भर दुपारी तापानं फणफणली. गोजरबाईंनी देवाचं नाव घेऊन तशीच वेल तोडली आणि काढा केला.

वच्छलेनं वाटी लोटली. "आवतण दिलं न्हाई, मंग गुण कसा यील, आत्याबाई?"

गोजरबाईंच्याही मनात तेच होतं. तरी त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली.

"अगं, अंगणातली ती, घरची लेक. लेकीला कुनी आवतण देतं व्हय?"

वच्छलेनं विचार केला आणि वाटी तोंडाला लावली.

"लेक लय कडू हाय तुमची," ती म्हणाली, अन् उरलेला घोटही घेतला.