काश्मीरची रंगीत तालीम
द्राक्षांची पेटी उघडली की आत द्राक्षं टिकावीत म्हणून ठेवलेल्या औषधी कागदाचा उग्र वास नाकात शिरतो आणि मला दिरांचं पिंपळगावचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आठवतं. तेव्हा आम्ही गुलमर्गला स्कीइंगला जायचं ठरवत होतो. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी तीनची. नाशिकच्या गारठ्यातही शिंकणारी ही पोरं बर्फात टिकतील का, यावरून घरात रोज वाद व्हायचे. शेवटी दीर म्हणाले, "वहिनी, आधी आमच्या कोल्ड स्टोरेजला आणा. तिथं टिकली तर गुलमर्गलाही टिकतील." नवी जाकिटं, बूट, हातमोजे, कानटोप्या चढवून आणि "हेच काश्मीर" असं पोरांना सांगून आम्ही आत शिरलो. जड दार मागे लागलं. पंख्यांच्या घरघरीत बोललेलं ऐकू येईना. मुलगा फरशीवर घसरत खिदळत होता. मुलगी आधी रडली, मग एका पेटीवर गप्प बसून राहिली. "बघ, रुळली!" नवरा माझ्या कानाशी ओरडला. मी जवळ गेले तर तिने हातमोजे काढून टाकले होते आणि ओठ निळे पडले होते. हाक मारली तरी तिने मान वळवली नाही. तिला उचलून मी दाराकडे धावले, दांडा ढकलला, ओढला, पण दार हलेना. नवऱ्याने खांदा लावला तेव्हा कुठे ते उघडलं. बाहेर उन्हात तिला छातीशी घट्ट धरून बसले, तेव्हा बऱ्याच वेळाने तिने भोकाड पसरलं. गुलमर्गचा विषय तिथंच संपला. आता शाळेत जाणारी तीच मुलगी पेटी उघडली की म्हणते, "आई, काश्मीरचा वास!" सगळे हसतात. मी तेवढ्यात तिचे ओठ बघून घेते.