इंग्रजी अक्षरांतलं नाटक

फेगाबाईंना सत्काराची भारी चीड. चाळीस वर्षं त्यांनी मेलबर्नला यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातून आलेल्या ज्यूंच्या भाषेत, नाटकं केली. विशीतच पांढरे केस चिकटवून म्हाताऱ्या रंगवल्या, नवरा गेल्यावर आठव्या दिवशी विनोदी भूमिकेत उभ्या राहिल्या. तेव्हा कुणी फिरकलं नाही. थिएटर बंद पडल्यावर मात्र सत्कारांना ऊत आला. “मेल्यावर सगळ्यांनाच पुळका येतो,” त्या फणकारत.

म्हातारपणी त्या मुलीकडे स्प्रिंगफील्ड लेक्स या दूरच्या उपनगरात राहायला आल्या, तर शेजारच्या चारुताने त्यांना मराठी मंडळाच्या मुलांच्या नाटकाच्या तालमीला ओढून नेलं. ‘आम्ही मुलांमध्ये आपली भाषा जिवंत ठेवलीय’ हे अध्यक्ष कुमार त्यांना पंधरा मिनिटं ऐकवत होता, तेही मुलांसमोर इंग्रजीतून. बाईंनी कंटाळून चारुताच्या लेकीच्या, ईशानीच्या हातातले कागद घेतले. संवाद मराठी होते, पण लिहिलेले इंग्रजी अक्षरांत.

बाई उठल्या आणि त्यांनी पानभर संवाद खणखणीत म्हणून दाखवला. शेवटी आवाज असा कापरा केला की चारुताने डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“बघा, बाईंना तर लगेच मराठी आलं!” कुमार म्हणाला.

“मला एकही शब्द कळलेला नाही,” बाई म्हणाल्या. “आता हिला विचारा.”

“मी नीदर,” ईशानीने खांदे उडवले.

“आमचं शेवटचं नाटकही असंच झालं होतं,” कागद परत देत बाई म्हणाल्या. “टाळ्या मात्र याहून जास्त पडल्या होत्या.”