गुरुजींची शिवराई

"वहिनी, गल्ला ओता पाहू!" दुकानाच्या पायरीवर चपला काढता काढताच गुरुजी म्हणायचे. ना रामराम, ना ख्यालीखुशाली. पौडच्या बाजाराचा दिवस, दारात मीठमिरचीला गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि हे शाळेचे हेडमास्तर माझी चिल्लर गोणपाटावर पसरून बसणार! तुम्हीच सांगा, डोकं फिरेल की नाही?

नुकतेच नवे पैसे आले होते. लोकांनी मडक्यांत पडलेलं जुनं तांबं बाहेर काढलं आणि खपेल तसं दुकानदाराच्या गळ्यात मारलं. त्यात कधीमधी शिवराई निघे, महाराजांच्या नावाची. पण झिजून गुळगुळीत. एकीवर 'श्री' तर 'राजा' नाही, दुसरीवर नुसता 'शिव'. गुरुजी ती डोळ्याशी धरायचे, नखानं चाचपायचे आणि "छे! हीसुद्धा गेली" म्हणून परत टाकायचे.

"येवढं काय हाय हो त्यात?" एकदा मी वैतागून विचारलंच.

"जन्मभर पोरांना शिकवलं, वहिनी. पण सगळी अक्षरं असलेली शिवराई मी स्वतः पाहिली नाही. आणि डॉक्टर म्हणतात, डोळे फार दिवस साथ देणार नाहीत. एक मिळू दे. एकच."

त्या दिवसापासून मीच मेली गल्ला चाळायला लागले.

आणि एका बाजाराला, डोंगरातल्या एका म्हातारीनं हळकुंडांचे पैसे देताना हिरवी-काळी चकती टाकली. उन्हात धरली तर एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. पुरती! पण असलं कळकट गुरुजींच्या हातात कसं द्यायचं? देवाची भांडी घासतो तशी चिंचेच्या कोळात घातली, विटेची भुकटी घेऊन काथ्यानं खसाखसा घासली. कशी लखलखली! गुरुजी आले तेव्हा हळदकुंकू वाहून मोठ्या तोऱ्यात पुढं केली.

त्यांनी उलटी केली, सुलटी केली. अंगठा फिरवत राहिले.

"घासलीत?"

"व्हय. लई कळकट व्हती."

"वहिनी, अक्षरं त्या कळकटातच होती हो!"

पहिल्यांदाच ते माझ्यावर ओरडले. मग ती अलगद गोणपाटावर ठेवली. म्हणाले, "तुम्ही तरी पाहिलीत ना? सांगा, 'श्री' कसा होता?"

काय सांगणार, कप्पाळ? मी वाचली होती, नीट बघितली कुठं होती? घासायची घाई!

पुढं त्यांना दिसेनासं झालं. चाचपत पायरी चढायचे. गल्ला मागायचे नाहीत, "आठवलं का काही?" एवढंच विचारायचे. दरवेळी मी "न्हाई" म्हणायची आणि स्वतःवरच चडफडायची. शेवटी मुलीकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा माझ्याच्यानं राहवेना; दिलं ठोकून.

"आठवलं, गुरुजी. 'श्री'ची वेलांटी लांब व्हती. पार कडेला टेकल्याली."

त्यांचा चेहरा फुलला. "कडेला टेकलेली? मग पुरा छाप बसला होता, वहिनी! अस्सल!" मोटारीत चढेपर्यंत भेटेल त्याला तेच सांगत होते.

वर्षभरानं गुरुजी गेल्याचं कार्ड आलं. खाली त्यांच्या मुलीनं लिहिलं होतं, 'बाबा शेवटपर्यंत आल्यागेल्याला हवेत बोटानं तुमच्या शिवराईचा श्री काढून दाखवत. वेलांटी लांब ओढून.'

मी ते कार्ड चुलीत घातलं.