खालच्या खणातली पुस्तकं

मंडळी, घाईघाईत लिहितोय, चुका पोटात घाला.

आमच्या गोरेगावात सत्काराला हाराऐवजी पुस्तक देतात. मी मास्तर, त्यामुळं कपाटाचा खालचा खण अशा पुस्तकांनी भरलाय. वरचा रंगीत कागदसुद्धा मी कधी काढला नाही.

आज दुपारी त्यातलं एक ओढलं, तर मागून सापाची हातभर कात आली. ओलसर, ताजी.

बायको दारातूनच ओरडली, "आवं, कवापासून हात लावला न्हाई तुमी इथं?"

सर्पमित्रानं घर पालथं घातलं. साप सापडला नाही.

आता आम्ही दोघं पलंगावर पाय वर घेऊन बसलोय. वर्गात रोज "वाचा रे" म्हणून ओरडणारा मी, पुस्तकाला हात लावायला घाबरतोय.

तुमच्या कपाटात, अगदी मागं, तुम्ही शेवटचा हात कधी घातला होता?